अमेरिकेची तिथी

‘मास्तरीणबाई, आज काय हाये?’

जळगाव जामोदला बिऱ्हाड लावल्याच्या दुसऱ्याच सकाळी घरमालकांनी मला हे विचारलं. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. गाव नवं, माणसं नवी, आणि मी नाशिककडची. इकडची बोली अजून कानात बसली नव्हती. मी मनातल्या मनात पंचांग चाळलं. एकादशी नाही, चतुर्थी नाही, प्रदोष तर कालच झाला.

‘आज काही नाही ना?’ मी भीत भीत म्हटलं.

‘असं कसं नाई? आज अमेरिकेत तो जाडा पयल्यांदा दारात अडकला.’

एवढं सांगून त्यांनी माझ्या रिकाम्या हातावर गूळखोबरं ठेवलं आणि पुढच्या घरी निघून गेले. मी एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात अमेरिकेचा प्रसाद घेऊन तशीच उभी. संध्याकाळी हे शाळेतून आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, ‘दुसरी जागा मिळेल का?’ हे म्हणाले, ‘जागा हवेशीर आहे. घरमालकांचं काय, आपण आपलं दार लावून घ्यावं.’ नागपूरहून बदलीचा हुकूम निघाला की मुकाट्यानं चंबूगबाळं उचलणारा हा माणूस, तो आपणहून दुसरी जागा कशाला शोधणार?

दार लावून घेणं जमलं नाही ते नाहीच. घरमालक दारावर थाप मारत आणि कोणीतरी दार उघडेपर्यंत मारतच राहत.

सारं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. पन्नाशी उलटलेली, उंच, वाळकं अंग, डोक्याला पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया. चालताना मान जरा एका बाजूला कललेली, कोणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाही अशी. सातपुड्याच्या पायथ्याला वावर होतं, त्यात कपाशी आणि ज्वारी. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, दोघंच. त्या बहिणीला लोक मोठ्या बाई म्हणत. काकाजींनी गावाला जेवढं हसवलं असेल तेवढं मोठ्या बाईंनी गावाला दबकून वागायला लावलं होतं. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं ओट्यावरची बडबड थांबायची.

हे जाडा प्रकरण काय ते मला मोठ्या बाईंनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता.

काकाजी ऐन विशीत असताना त्यांची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. ‘पहाटची येळ. चिमनीच्या उजेडात सुइनीले काई दिसलंच नाई,’ मोठ्या बाई म्हणाल्या आणि सुपातला खडा उचलून लांब फेकला. त्यानंतर वर्षभर काकाजी कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका जत्रेत सिनेमाचा तंबू आला. मुके सिनेमे होते ते, अमेरिकेतून आलेले. त्यात एक जाडा माणूस होता. तो ज्या दारातून जाईल त्यात अडकायचा. घराच्या, दुकानाच्या, आगगाडीच्या डब्याच्या, कुठल्याही. मग माणसं जमायची, ओढायची, ढकलायची, आणि शेवटी तो फटकन बाहेर पडायचा आणि टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करायचा. काकाजी तंबूत बसले आणि हसायला लागले. खेळ संपला तरी हसत होते. लोकांना वाटलं, गेलं याचं डोकं. दुसऱ्या दिवशी तंबू हलला, आणि त्याच्या मागोमाग काकाजीही गेले. दोन हंगाम गावोगाव हिंडून त्यांनी सिनेमाच्या मशिनीचा दांडा फिरवला. परत आले ते अमेरिका डोक्यात घेऊनच.

‘मंग म्या बी काई म्हटलं नाई,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘हसून राह्यला होता नं, बापा. हसू द्या म्हटलं.’

अमेरिकेची माहिती त्यांना मिळायची रद्दीतून. मुंबईहून वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात साहेब लोकांची जुनी मासिकं असायची. काकाजींनी वाण्याला बजावून ठेवलं होतं, ‘फोटोवाला कागद असन तं त्याच्यात मिरच्या बांधजो नको.’ तरी अर्धी अमेरिका हळदीनं पिवळी होऊनच घरी यायची. इंग्रजी काकाजींना जेमतेम येत होतं. त्यामुळे गावात जो मास्तर येईल तो त्यांचा दुभाषा. यांच्या संध्याकाळी कशा गेल्या ते मी सांगायला नको. एका मासिकात काकाजींना त्यांचा जाडा सापडला, दाराच्या चौकटीत अडकलेला फोटो होता म्हणून ओळखू आला. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर काही बसेना, त्यामुळे जाडा शेवटपर्यंत जाडाच राहिला. पण त्याचा पहिला सिनेमा कधी लागला ती तारीख तिथं छापलेली होती.

इथून त्यांचं खरं काम सुरू झालं. तारखेवर त्यांचा विश्वास नव्हता. तारीख सरकारी, कचेरीपुरती. जयंती, पुण्यतिथी ही तिथीनंच करायची. म्हणून अमेरिकेतली प्रत्येक तारीख घेऊन ते जोशीबुवांकडे जायचे, जुनी पंचांगं उघडायला लावायचे आणि तिची तिथी काढायचे. सिनेमा अमेरिकेत पहिल्यांदा बोलला ती त्यांच्या हिशेबानं दसऱ्याची तिथी निघाली, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जोशीबुवांना धोतरजोडी दिली. ‘पाह्यलं काय, मास्तर? अमेरिका बी मुहूर्त पाहूनच बोलली!’ तेव्हापासून दसऱ्याला आपट्याची पानं वाटताना ते हमखास सांगायचे, ‘सोनं घ्या, अन् सिनेमा बोलला त्याचं बी घ्या.’

जोशीबुवा आणि त्यांचे वाद मी भिंतीआडून पुष्कळ ऐकले आहेत. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट असते, मग तिथी कोणती धरायची, तिथली की इथली? जोशीबुवा म्हणायचे, ‘सूर्योदयाची.’ काकाजी विचारायचे, ‘कोनाच्या सूर्योदयाची?’ यावर जोशीबुवा तपकीर ओढायचे. शेवटी असं ठरलं की जिथं प्रसाद वाटायचा तिथला सूर्योदय. एका वर्षी अधिक महिना आला आणि दोन अमेरिकन जयंत्या त्यात सापडल्या. काकाजी महिनाभर कासावीस. पुढच्या शुद्ध महिन्यात त्यांनी दोन्ही एकदम उरकल्या तेव्हा कुठं ते पोटभर जेवले.

मी एकदा धीर करून विचारलं, ‘काकाजी, अमेरिकेतले लोक तरी पाळतात का हो हे दिवस?’

‘कायचं पाळतात! ते रोज नवीन करतात अन् जुनं इसरतात.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘करनारे तिकडे हायेत, मास्तरीणबाई. पाळनारा कोनी पाह्यजे का नाई? ज्यानं आपल्याले हसवलं त्याचा दिवस पाळला नाई तं कायचे मानसं आपन?’

मला तेव्हा हसू आलं होतं, पण ते गिळून टाकलं.

जाड्याच्या श्राद्धाची हकीगत सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाववत नाही. तो वारला हे काकाजींना फार उशिरा कळलं, तेही साखरेच्या पुडीवरून. पितृपक्ष तोंडावर होता. त्यांनी जोशीबुवांना बोलावणं धाडलं. जोशीबुवा पाटावर बसले, दर्भ हातात घेतला आणि विचारलं, ‘गोत्र?’

‘आता अमेरिकेतल्या मानसाचं गोत्र मी काय सांगू?’

‘ठाऊक नसेल तर कश्यप,’ जोशीबुवा म्हणाले. शास्त्राधार होता, त्यामुळे त्यांचाही नाइलाज. तर असा तो जाडा कश्यपगोत्री झाला. मोठ्या बाई चुलीपाशी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. रागानं की हसू दाबायला, ते त्यांचं त्यांना माहीत. पान वाढून कौलावर ठेवलं तर कावळा शिवेना. ऊन चढलं. आम्ही सगळे उपाशी. काकाजींनी हात जोडले आणि आभाळाकडं पाहून म्हणाले, ‘तुमचा दिवस मी चुकवनार नाई. तुम्ही ज्या ज्या दारात अडकले ते सगये याद ठेवीन.’ त्याबरोबर कावळा आला आणि थेट वड्यावरच बसला. काकाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी नवऱ्याकडं पाहिलं तर इंग्रजी शिकवणारा हा माणूसही हात जोडून उभा.

आता रेडिओ. तो मी मुद्दाम मागं ठेवला होता, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

काकाजींनी रेडिओ घेतला तो जर्मनीच्या लढाईच्या आधी. गावात वीज नव्हती, त्यामुळे तो मोटारीच्या असते तसल्या जड बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात न्यायची. तिथलं इंजिन सुरू असलं की ती भरून मिळायची. काकाजी ती लॉरीतून न्यायचे आणि आणायचे, तीही मांडीवर घेऊन, खाली घोंगडी घालून. लॉरीतले लोक म्हणायचे, ‘काकाजी, ठेवा नं खाली.’ ते ठेवायचे नाहीत. इंजिनवाला फसवतो असा त्यांना संशय होता, म्हणून मोटारीचा एक जुना बल्ब दोन तारांना जोडून ते बरोबर न्यायचे. बॅटरीला लावून पाहायचा. लख्ख पेटला तर भरली. क्षणभरच हो. मी एकदा म्हटलं, ‘किती छान उजेड आहे, राहू द्या ना थोडा वेळ.’ तर घाईघाईनं तार काढून म्हणाले, ‘जेवढं हे जळन तेवढी अमेरिका कमी होईन, मास्तरीणबाई.’

रेडिओवर मुंबई लागायची, दिल्ली लागायची, लोक ओट्यावर बसून गाणी आणि लढाईच्या बातम्या ऐकायचे. अमेरिका मात्र लागली नव्हती. काकाजी पहाटे उठून बटणं फिरवत, शिट्ट्या यायच्या, खरखर यायची, एखादी भाषा यायची जी यांनाही कळायची नाही. ‘थे जवळपास हाये,’ काकाजी म्हणायचे. वर्षानुवर्षं अमेरिका जवळपासच होती.

त्या वर्षी लढाई संपली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या पहिल्या रेडिओ ठाण्याचा रौप्यमहोत्सव आला. त्या ठाण्यानं पहिल्याच दिवशी निवडणुकीचे निकाल वाचून दाखवले होते, त्याला पंचवीस वर्षं होत होती. तिथी निघाली दिवाळीच्या तोंडावरची, आश्विन वद्यातली. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची अष्टमीची पहाट. काकाजींनी गावभर सांगून टाकलं, त्या पहाटे अमेरिका ऐकवणार. यांनी परोपरीनं समजावलं, ‘काकाजी, ते लोक तारखेनं करणार. अजून चार-सहा दिवस आहेत.’ काकाजी म्हणाले, ‘मास्तर, रामनवमी तारखेनं करता काय तुम्ही?’ संपलं.

पण त्याआधीच्या दसऱ्याला एक घोटाळा झाला. काकाजींनी शस्त्रांबरोबर रेडिओची पूजा मांडली देवघरात, आणि बॅटरी ठेवली फडताळापाशी. बॅटरीतलं तेजाब झिरपलं आणि मोठ्या बाईंच्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्याला तळहाताएवढं भोक पडलं. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो मुकटा उचलला, भोकातून भावाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुह्या त्या पंचविशीच्या दिवशी अमेरिका माह्या कानावर आली तं ठीक. नाई आली तं हा डब्बा वडनेरले जाईन. पोराले सांगून ठेवते मी, गाडी घेऊन ये म्हनून.’

वडनेर भोलजीला त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता, त्याचा त्या रेडिओवर केव्हापासून डोळा. मोठ्या बाई बोलल्या म्हणजे ते होणार, हे गावाला माहीत होतं आणि काकाजींना सगळ्यांत जास्त. त्या दिवसापासून त्यांची मान आणखी कलली. जेवता जेवता हात थांबायचा. मी एकदा पाहिलं, ते रेडिओवरची धूळ पुसत होते आणि पुसून झालं तरी फडकं फिरवतच होते. मला त्यांची फार दया आली. त्या डब्यात त्यांचा सगळा गोतावळा होता. तो उचलून कोणाच्या गाडीत ठेवायचा?

माझे तेव्हा दिवस भरत आले होते. माझी आई मी लहान असतानाच गेली, माहेरी करणारं कोणी नव्हतं. मोठ्या बाईंनी एका वाक्यात निकाल लावला होता, ‘बाळंतपन अठीच होईन, माह्या घरी.’ मागची खोली सारवून, बाज घालून तयार होती.

कळा सुरू झाल्या त्या नेमक्या अष्टमीच्या पहाटे. पुढच्या अंगणात तोवर माणसं जमली होती. आभाळात अर्धा चंद्र होता, तेवढाच उजेड. घासलेट कंट्रोलचं, मोजून मिळायचं, अंगणात कंदील जाळायची ऐपत कोणाची नव्हती. वडनेरचा भाचा बैलगाडी सोडून ओट्याला टेकला होता. अमेरिका काय बोलते ते लोकांना मराठीत सांगायला हे रेडिओपाशी बसले होते. मागच्या खोलीत मी, मोठ्या बाई आणि म्हातारी सुईण, आणि एक कंदील, ज्याची काच कितीही पुसली तरी काजळत होती.

बराच वेळ गेला. मूल खाली येत होतं आणि पुन्हा थांबत होतं. सुईण वाकून पाहत होती, हातानं चाचपत होती, आणि मग तिचा आवाज बदलला. ‘बाई, कायतरी अडकलं हाये. नाळ असन. मले दिसून नाई राह्यलं. उजेड पाह्यजे.’

मोठ्या बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मुकट्याला भोक पडलं तेव्हाही तो असा झाला नव्हता. त्या मागच्या दारात गेल्या, परसातून पुढं हाक मारली. काकाजी धावत आले. ‘उजेड पाह्यजे. आत्ता. तवासारखं होऊन राह्यलं,’ त्या म्हणाल्या. तवासारखं म्हणजे केव्हासारखं, हे तिथं कोणालाच सांगावं लागलं नाही. काकाजी तसेच पुढच्या अंगणाकडं धावले.

पुढं अंगणात काय झालं ते मला यांनी नंतर सांगितलं. काकाजी रेडिओपाशी पोचले आणि त्याच वेळी शिट्टी थांबली. एका माणसाचा आवाज आला, स्वच्छ, इंग्रजी, तिकडच्या हेलातला. तो काहीतरी बोलला आणि मागं पुष्कळ माणसं एकदम हसली. हे उभेच राहिले, ‘काकाजी, लागली!’ म्हणाले. लोक पुढं सरकले. काकाजींनी मान कलती करून ऐकलं. हे म्हणतात, एक श्वास आत घ्यावा एवढाच वेळ. त्यांच्या तोंडावर हसू आलं. मग त्यांनी वाकून बॅटरीच्या तारा ओढून काढल्या.

आवाज मेला. काकाजींनी बॅटरी आणि तिच्याशेजारचा तो मोटारीचा बल्ब उचलला आणि परसाकडं निघाले.

‘काऊन हो, काकाजी? काय झालं?’ लोक विचारत राहिले. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि असल्या गोष्टी चारचौघांत सांगण्यातले काकाजी नव्हते. ‘फुसफुस केलं अन् गेली अमेरिका!’ वडनेरचा भाचा हसला. हसता हसताच त्यानं रेडिओ उचलून गाडीत नेऊन ठेवला.

इकडं मागच्या दारात काकाजी उंबऱ्याबाहेर बसले, आमच्याकडं पाठ करून, मांडीवर बॅटरी घेऊन. तारा मागच्या मागं दिल्या. मोठ्या बाईंनी बल्ब धरला आणि खोली एकदम पांढरीशुभ्र झाली. मला भिंतीवरचा सारवणाचा एक एक फराटा दिसला. सुईण म्हणाली, ‘दिसली! गयाले येढा हाये. थांब, पोरी, आता जोर लावजो नको.’ तिचे हात चालू लागले. काकाजींची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही. त्यांनी त्या वेळी सातपुड्याकडं तोंड करून काय म्हटलं असेल, कोणाला हात जोडले असतील, देव जाणे. जाड्यालाही जोडले असतील.

मग मुलगी रडली.

बल्ब तांबूस होत चालला होता. बाहेर उजाडलं होतं. काकाजी उठले, बॅटरी तिथंच ठेवली आणि डोळे पुसत पुढच्या अंगणात गेले. त्यांच्या मागोमाग मोठ्या बाईही निघाल्या. मागचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

‘उतरव तो डब्बा,’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘पन मोठी माय, तूच तं म्हनली होती,’ भाचा कुरकुरला. ‘अमेरिका ऐकू आली नाई तं...’

‘आली.’

‘कवा? आम्ही सगये अठीच बसून हावो. इकडे कोनाले समजलं नाई अन् तुले मांगच्या खोलीत ऐकू आली?’

‘हाव. मले आली. कानानं ऐकली, डोयानं पाह्यली. अजून काय पाह्यजे तुले?’ मग त्यांचा तो खाकरण्याचा आवाज. ‘मास्तराले पोरगी झाली. जोशीबुवा, टाइम मांडून घ्या. अन् तू डब्बा उतरवून तसाच जाऊ नको, गूळ खाऊन जाय.’

भाचा डब्बा उतरवायला गाडीकडं वळला. मोठ्या बाईंना अमेरिका खरोखर ऐकू आली असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी त्या माझ्या तोंडावरचा घाम पुसत होत्या. पण त्या खोटं बोलल्या असंही मी म्हणणार नाही. बाराव्या दिवशी मी उठून बाहेर आले तेव्हा रेडिओ देवघराशेजारी होता आणि त्याच्यावर पांघरूण घातलं होतं भोक पडलेल्या मुकट्याचं. भोक नेमकं बटणावर आणून ठेवलं होतं, म्हणजे फिरवायला अडचण नको.

मुलीचं नाव काय ठेवावं यावर काकाजींनी एक सूचना केली होती. ती मोठ्या बाईंनी ऐकूनही घेतली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

बॅटरी पुन्हा नांदुऱ्याला जाऊन आली. तारखेनं त्या ठाण्याचा रौप्यमहोत्सव झाला त्या पहाटे हे रेडिओपाशी जाऊन बसले होते. काकाजी घोरत पडले होते. त्यांचा उत्सव केव्हाच होऊन गेला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा अष्टमी आली. मी मुलीला कडेवर घेऊन तुळशीला पाणी घालत होते. काकाजी आले, हातात गूळखोबऱ्याची ताटली.

‘मास्तरीणबाई, आज काय हाये?’

एवढ्या दिवसांत मीही तयार झाले होते. ‘आज अमेरिकेत रेडिओ पहिल्यांदा बोलला,’ मी ठसक्यात म्हटलं.

‘चूक,’ काकाजी म्हणाले. ‘थ्याचा परसाद सांजच्याले वाटीन.’ त्यांनी खोबऱ्याचा एक तुकडा मुलीच्या मुठीत दिला, तिनं तो लगेच तोंडात घातला, आणि ते हसू लागले, बहुधा त्या तंबूत हसले असतील तसे. ‘आज हे दारात अडकली होती. अन् निघाली.’

मी तांब्या खाली ठेवला आणि प्रसादाला ओंजळ पुढं केली.